इच्छांची वही: लिहावी कशी, चालवावी कशी

काजवे बघायचं ठरतं ते जुलैत, हुरडा आठवतो तो मार्चमध्ये, आणि कासच्या फुलांचे फोटो दुसऱ्यांनी टाकले की आपली गाडी काढायची चर्चा सुरू होते. तोवर फुलं संपत आलेली असतात. साध्या साध्या इच्छा राहून जातात तेव्हा दोष आपण पैशाला किंवा वेळेला देतो. खरं तर बऱ्याचदा हंगाम निघून गेलेला असतो. 'बघू कधीतरी' म्हणताना हा कधीतरी कोणत्या महिन्यात येतो, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

त्यासाठी एक वही पुरते. मात्र ती लिहिण्याची, चालवण्याची आणि वर्षातून दोनदा उलटून बघण्याची एक पद्धत आहे.

वही कोणती, कुठे

शंभर पानी एकरेघी वही घ्या. फार देखणी डायरी नको, तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही आणि या वहीत खाडाखोड व्हायलाच हवी. इच्छा डाव्या पानावर लिहायची, समोरचं उजवं पान कोरं सोडायचं. महिना, खर्च, कुणाला विचारायचं, कशामुळे अडलं हे सगळं तिथे येतं. एका डाव्या पानावर पाचपेक्षा जास्त इच्छा नकोत, नाहीतर उजवीकडे जागा पुरत नाही.

फोनमध्ये लिहिलं तर चालत नाही का? चालतं, पण किराणा, पासवर्ड आणि गॅस नंबर यांच्या खाली ती यादी गाडली जाते. फोनचा उपयोग पुढे तारखांची आठवण लावायला होईल.

वही घरात उघड्यावर राहणार असेल तर हात आपोआप आवरता लिहितो. 'एक दिवस कुणाशीही न बोलता काढायचा' हे घरच्यांनी वाचलं तर काय वाटेल, म्हणून ते लिहिलंच जात नाही. वही कपाटात ठेवा, आणि घरच्यांना सांगूनच ठेवा. लपवली तर कुतूहल वाढतं.

तीन बैठका, वीस-वीस मिनिटं

सगळी यादी एका बसणीत करू नका. पहिल्या बैठकीत जे उतरतं ते बहुतेक सार्वजनिक असतं: काश्मीर, स्वतःचं घर, वजन कमी करणे, इंग्रजी सुधारणे. या चारचौघांत सांगता येण्यासारख्या इच्छा. लिहा, खोडू नका, आणि वही मिटा.

दोन-तीन दिवसांनी दुसरी बैठक. या वेळी प्रश्न हाताशी ठेवा. शाळेत असताना काय आवडायचं, जे पुढे कुणी बंद केलं नाही तरी बंद पडलं? कोणता पदार्थ फक्त एकाच माणसाच्या हातचा आवडतो? कोणत्या गावाचं नाव एसटीच्या पाटीवर वाचून उतरावंसं वाटलं होतं? कुणाची माफी किंवा कुणाचे आभार राहिलेत? दुसऱ्याला काही करताना बघून पोटात थोडं दुखतं, असं काय आहे? शेवटच्या प्रश्नाला टाळू नका, यादीतल्या सर्वांत खऱ्या ओळी तिथून येतात.

तिसरी बैठक आठवड्याने, आणि ती फक्त लहान सुखांसाठी. अट एवढीच की प्रत्येक गोष्ट शंभर रुपयांच्या आत आणि अर्ध्या दिवसाच्या आत बसली पाहिजे. तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी, उभ्याने खाल्लेली. पहिल्या पावसात गच्चीवर जाणं, छत्री न घेता. करवंदाच्या जाळीतून स्वतः काढलेली करवंदं. दुपारी दार लावून झोप. रविवारी सकाळी जुन्या बाजारात काहीही विकत न घेता फिरणं. हे लिहिताना 'हे काय लिहायचं' असं वाटतं. लिहा. वर्षअखेरीला सर्वांत जास्त खुणा याच ओळींवर दिसतात, आणि वही उघडायची सवय त्यांच्यामुळेच टिकते.

तिन्ही बैठका मिळून चाळीस-पन्नास ओळी व्हाव्यात. शंभराचा आकडा गाठायला बसलात तर शेवटच्या तीस ओळी भरतीच्या निघतात.

वाक्य घासून घ्या

आता प्रत्येक ओळ पुन्हा वाचायची आणि एक प्रश्न विचारायचा: हे झालं हे मला कळणार कसं?

'गाणं शिकायचं' याला शेवट नाही. 'घरच्या गणपतीत पेटीवर आरती न अडखळता वाजवायची' याला तारीख आहे, जागा आहे, आणि ऐकणारी माणसं आहेत. 'मोडी शिकायची' यापेक्षा 'पणजोबांचं खरेदीखत स्वतः वाचायचं' हे कितीतरी बरं, कारण कागद समोर असला की कशासाठी शिकतोय हे विसरत नाही. मोडीची अक्षरं ओळखण्यापर्यंत रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत जाता येतं. अडचण पुढे आहे. शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरं सलग लिहिलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून छापील कित्त्यानंतर थेट हस्तलिखिताकडे उडी मारणारे तिथेच थांबतात. आधी त्याच प्रकारची दोन-तीन खतं लिप्यंतरासह वाचा. खताच्या मजकुराचा साचा ठरलेला असल्याने अर्धे शब्द अंदाजानेच लागतात.

दुसरी चाळणी: ही गोष्ट माझ्या हातात आहे का? 'मुलीचं चांगलं व्हावं' ही प्रार्थना झाली, ती देवघरात. वहीत येईल ते 'मुलीबरोबर दोघीच दोन दिवस कुठेतरी जायचं'. 'साहेबांनी कौतुक करावं' हेही वहीतलं नव्हे.

तिसरी चाळणी जरा कडू आहे. ही इच्छा कुणाला दाखवता आली नाही, फोटो टाकता आला नाही, तरी करावीशी वाटेल का? नसेल वाटत तर बाजूला छोटं प्रश्नचिन्ह करा. लगेच खोडू नका.

आधी महिना, मग पैसे

उजव्या पानावरची पहिली नोंद महिन्याची. खर्च, सोबत, सुट्टी यांचा विचार त्यानंतर. महाराष्ट्रात राहणाऱ्यांच्या यादीत हमखास येणाऱ्या काही गोष्टींचे महिने इथे देतो, कारण चूक इथेच होते.

काजवे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस नीट लागेपर्यंत. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा आणि शनिवार-रविवार टाळा. गर्दीच्या दिवशी गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्यांमुळे काजवे दिसत नाहीत, आणि त्यांच्या मीलनातही अडथळा येतो. फोनचा फ्लॅश तर नकोच.

कासचं पठार ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जागतिक वारशात २०१२ साली समावेश झाल्यापासून गर्दी आहे, हंगामात आधी बुकिंग लागतं. फुलांचा बहर पावसावर पुढेमागे होतो. त्यामुळे वहीत तारीख न घालता 'सप्टेंबर, मधला वार' एवढंच लिहा. कारवीचा हिशेब वेगळा, ती सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक फुलते आणि दर ठिकाणचं वर्ष निराळं. तिच्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर 'पुढची वर्षं' असा रकाना करावा लागतो.

कोकणातल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. पिल्लं कधी बाहेर येतील ते वाळूच्या तापमानावर ठरतं, म्हणून एका रात्रीचा बेत आखणारे बरेचजण रिकाम्या हाताने परततात. दोन रात्री ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून संधी वाढतात.

हुरडा डिसेंबर ते फेब्रुवारी. उल्कावर्षाव पाहायचा असेल तर परदेशी याद्यांमधून ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला (पर्सिड) उल्कावर्षाव उचलू नका, त्या वेळी आपल्याकडे आभाळ गच्च असतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन राशीतला वर्षाव आपल्यासाठी आहे. थंडी असते, आकाश धुतल्यासारखं असतं. शहरापासून लांब, सतरंजीवर पाठ टेकून, डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं द्यायची. मध्येच एकदा फोन पाहिला की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

रेल्वेच्या प्रवासाला आणखी एक तारीख जोडा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. खिडकीशी बसून कोकण रेल्वेने गोव्यापर्यंत दिवसा जायची इच्छा असेल तर प्रवासाचा महिना एका ओळीत आणि आरक्षणाची तारीख दुसऱ्या ओळीत लिहा. फोनमध्ये आठवण लावायची ती दुसऱ्या तारखेची. पावसाळ्यात त्या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू चालतात. धबधबे बघायचे असतील तर तेच बरं, पोचायची घाई असेल तर नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी हा रकाना आणखी काटेकोर भरावा. भारतभेट डिसेंबरात असेल तर हुरडा मिळेल, पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव मिळू शकेल. हापूस, काजवे, वारी यांतलं काही मिळणार नाही. तीन आठवड्यांत बँक, दाताचा डॉक्टर आणि नातेवाइकांची जेवणं होऊन यादीला साधारण दोन मोकळे दिवस उरतात. म्हणून एका भेटीला दोनच ओळी निवडा, आणि चौथ्यांदा चुकलेली आमरसपुरी मे महिन्याच्या पानावर वेगळी ठेवा.

सुख दिनदर्शिकेत, ध्येय रोजच्या तासात

यादीत दोन जातीच्या ओळी असतात आणि त्यांना एकच औषध चालत नाही. काजवे, हुरडा, भाकरी यांना फक्त दिवस राखून ठेवावा लागतो. ग्रंथ वाचणं, गड चढणं, वाद्य शिकणं यांना रोजचा किंवा आठवड्याचा ठराविक वेळ लागतो. ध्येयाला नुसती तारीख दिली की ते पुढच्या वर्षावर जातं. उलट, सुखाचं रोजचं लक्ष्य केलं की त्याची कटकट होते.

ध्येय फोडताना भागाकार करा आणि तो खरा आहे का ते तपासा. ज्ञानेश्वरी अर्थासह वाचायची हे उदाहरण घ्या. अठरा अध्याय, म्हणून 'महिन्याला दीड अध्याय, वर्षात पूर्ण' असा बेत हमखास केला जातो आणि हमखास फसतो. कारण अध्याय सारखे नाहीत. पहिल्यात पावणेतीनशेच्या आसपास ओव्या आहेत, तेराव्यात अकराशेच्या वर, अठराव्यात अठराशेच्या वर. एकूण ओव्या सुमारे नऊ हजार. रोज पंचवीस धरल्या तर तीनशे साठ दिवस होतात. पंचवीस ओव्या अर्थासह वाचायला सावकाश वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. या हिशेबाने पहिला अध्याय अकरा दिवसांत संपतो, अठराव्याला बहात्तर दिवस लागतात, आणि ते आधीच माहीत असलं की तेराव्यात माणूस धीर सोडत नाही. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी पन्नास वाचून भरून काढू नका. शेवटी दहा-पंधरा दिवस जास्त लागू द्या.

कळसूबाईचंही तसंच. उंची १६४६ मीटर, पण बारी गावातून प्रत्यक्ष चढ आठशे मीटरहून थोडा अधिक. इमारतीचा मजला तीन मीटरचा धरला तर पावणेतीनशे मजले झाले. एकदम घाबरायचं कारण नाही, कारण शिखर गाठायला तीन-चार तास हाताशी असतात. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस जिने चढा. सुरुवात दहा मजल्यांपासून, दर आठवड्याला पाच-पाच मजले वाढवत पंचेचाळीसपर्यंत. उतरताना गुडघे बोलतात, म्हणून सरावाच्या पहिल्या दोन आठवड्यांत उतरायला लिफ्ट वापरली तरी हरकत नाही, नंतर मात्र उतरणंही पायानेच करा. खरी परीक्षा परतीची आहे. रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल तर जिना चढण्याआधी डॉक्टर. पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, लोखंडी शिड्यांवर रांग लागते आणि ओल्या कातळावर थांबून थांबून पाय गार पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मधला वार.

वारीचा एकच टप्पा चालायचा असेल तर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड बहुतेकांच्या मनात असतो, दिवे घाटामुळे. तो टप्पा लांबलचक आहे, तीस किलोमीटरच्या आसपास. घाटाचा रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद असतो, म्हणजे घाटात दमलात तर रिक्षा मिळणार नाही. चालण्याचा सराव बारा, अठरा, चोवीस किलोमीटर असा दर पंधरा दिवसांनी वाढवा आणि परतीची सोय आधी ठरवा. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. हे दर वर्षी सांगावं लागतं.

एका वेळी दोनच ध्येयं चालू ठेवा. तिसरं सुरू करायचं तर आधीचं एक उजव्या पानावर 'थांबवलं' असं लिहून खरोखर थांबवा.

पैशांचं थोडक्यात

शंभर रुपयांच्या आतल्या ओळींना वेगळी तरतूद नको. मधल्या ओळींसाठी, म्हणजे दोन ते दहा हजारांच्या, बँकेत बारा महिन्यांची आरडी काढा. पाचशेने वर्षाला सहा हजार आणि वर थोडं व्याज. पोस्टाची आरडी साठ महिन्यांची असते, ती अशा इच्छांना लांब पडते. राज्यात फिरायचं असेल तर एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही चार आणि सात दिवसांच्या पासची योजना आहे. महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आहेच. घरातल्या मोठ्यांच्या कितीतरी ओळी त्यात बसतात.

मोठ्यांची पानं

आईला विचारलं 'तुझी काय इच्छा आहे?', तर उत्तर ठरलेलं: 'आता काय राहिलंय, तुम्ही सुखी राहा म्हणजे झालं.' हा प्रश्नच चुकीचा आहे, त्याला निरवानिरवीचा वास येतो. भाजी निवडताना विचारा. तुमच्या शाळेत अजून वर्ग भरतात का? त्या मैत्रिणीचं गाव कुठलं म्हणालीस? कुठल्या देवाला बोललेलं राहिलंय? उत्तरात गावाचं किंवा माणसाचं नाव आलं की वहीत ओळ झाली. तारीख लगेच ठरवा आणि दोन महिन्यांच्या आतली ठरवा. गुडघे वाट बघत नाहीत.

मोठ्यांच्या पानांवर हमखास येणारी दुसरी ओळ म्हणजे त्यांच्या हातचा पदार्थ शिकणं. इथे सगळं अडतं ते 'अंदाजाने' या शब्दावर. आजीला वाटी-चमच्याचं माप विचारू नका, तिला ते खरंच माहीत नसतं, आणि विचारलं की ती उगाच एक आकडा सांगते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा ओट्यावर ठेवा. तिने हात घालण्याआधी प्रत्येक डबा तोला, तिचं घालून झालं की पुन्हा तोला. फरक म्हणजे तिचा अंदाज. पाणी घालायचा तांब्याही असाच तोलायचा, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. हळद, हिंग यांसारखं एक-दोन ग्रॅमचं वजन असा काटा नीट दाखवत नाही. तिथे तिच्या चिमटीतलं कागदावर काढून घ्या आणि पाव चमच्याशी ताडून बघा.

आकड्यांनी भागत नाही तिथे तिची खूण शब्दशः लिहा. पुरणात डाव उभा राहिला की पुरण झालं, ही मोजता न येणारी पण अचूक खूण आहे. डाळ-गूळ तोलून सारखा घेतला तरी गुळातल्या ओलाव्यामुळे आटवायची वेळ दर वेळी बदलते, म्हणून मिनिटं लिहिली असतील तर ती फसवतात. डाव फसवत नाही. पदार्थ दोनदा करा. पहिल्यांदा तिने करायचा, तुम्ही लिहायचं. दुसऱ्यांदा तुम्ही करायचा आणि तिने खुर्चीत बसून बघायचं. ती 'अगं थांब' म्हणून उठते ती जागा वहीत लाल शाईने नोंदवा, पहिल्या खेपेला नेमकं तेच निसटलेलं असतं.

पाडवा आणि दसरा

वही वर्षातून दोनदा पहिल्या पानापासून वाचायची. गुढीपाडवा आणि दसरा सोयीचे, दोघांत साधारण सहा महिन्यांचं अंतर आहे. शिवाय पाडव्यानंतर आंबा, करवंद, काजवे, पावसाळा येतात, आणि दसऱ्यानंतर गड, हुरडा, उल्का. १ जानेवारीला बसलात तर हिवाळ्याचा अर्धा हंगाम गेलेला असतो. सणाच्या दिवशी घरात गडबड असते, त्यामुळे आदल्या किंवा पुढच्या रविवारी तासभर.

झालेल्या ओळीवर काट मारू नका, डावीकडे बरोबरची खूण करा आणि उजवीकडे दोन ओळी लिहा: तारीख, सोबत कोण, आणि एक काहीतरी जे फोटोत आलं नाही. वास, चव, कुणी बोललेलं वाक्य.

न झालेल्या ओळीपुढे कारण लिहायचं, आणि कारण चारांपैकी एकच असतं. हंगाम चुकला असेल तर पुढचा महिना लिहून फोनमध्ये तीन आठवडे आधीची आठवण लावा. पैसे कमी पडले असतील तर ओळ छोटी करा, सात दिवसांचं दोनचं करा. सोबत मिळाली नसेल तर एकट्याने करता येईल का ते स्वतःला विचारा. बऱ्याच ओळी इथेच सुटतात, कारण चौघांच्या सुट्ट्या जुळायची वाट बघण्यात वर्ष गेलेलं असतं. आणि चौथं कारण, मनच नव्हतं.

चौथ्या कारणाची ओळ दोन उजळण्यांत तशीच राहिली तर एक सरळ रेघ मारून खोडा. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. पहिल्या बैठकीतली प्रश्नचिन्हवाली ओळ बहुतेक इथेच जाते. खोडताना वाईट वाटलं तर ती ओळ अजून जिवंत आहे. मग तिचं वाक्य पुन्हा घासा, बहुधा ती मोठी किंवा दुसऱ्याच्या शब्दांत लिहिलेली असते. सुटल्यासारखं वाटलं तर खोडा.

खोडलेल्या ओळीच्या जागी लगेच नवी भरू नका. नव्या ओळी उजळणीनंतर आठवड्याने, पुन्हा वीस मिनिटं बसून. वही भरत आली की नव्या वहीत सगळं उतरवून काढायचा मोह होतो. तसं करू नका. फक्त चालू दोन ध्येयं, 'पुढची वर्षं' हा रकाना आणि मोठ्यांची पानं हाताने उतरवून घ्या, बाकीची ओळ आठवली तरच लिहा. जुनी वही रद्दीत जाणार नाही अशा ठिकाणी ठेवा, म्हणजे दिवाळीच्या आवराआवरीत हात जाईल त्या फळीवर नको.